मागच्या टर्बोची नळी

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईला नाही — आणि दादाला तर नाहीच. लिहायला बसले तेव्हा पहिल्यांदा मनात आलं, आधी माझ्यावर काय अन्याय झाला ते लिहावं, मग बाकीचं. बहुतेक तसंच होणार आहे. एवढंच ध्यानात असू द्या की हे सांगणारी बाई स्वतःची बाजू आधी मांडते आहे. ती सवय जुनी आहे माझी.

शिवऱ्याला हायवेच्या कडेला आमचं गॅरेज. बाबांनी काढलेलं. ट्रॅक्टर, टेम्पो, जीप — रस्त्यात जे बंद पडेल ते आमच्या दारात यायचं. दादा इंजिनात रमला आणि मी वेल्डिंगमध्ये. आईला ते पटायचं नाही. पण बाबांनीच मला काळी काच डोळ्यांपुढे धरून वितळलेल्या लोखंडाचं ते इवलंसं तळं बघायला शिकवलं. ते तळं हळूहळू पुढे सरकवत न्यायचं, घाई करायची नाही. बाबा गेले तोवर माझा हात इतका बसला होता की लोक विचारायचे, वेल्डर कुठला ठेवलाय? दादा हसून माझ्याकडे बोट दाखवायचा.

तेव्हा दाखवायचा. हे मुद्दाम सांगते आहे.

आणखी एक माणूस होता गॅरेजात. सोपानकाका. हिर्डोशीचे. बाबांनी गॅरेज काढलं तेव्हापासूनचे. गावी थोडं भात, चढाला नाचणी. त्या कामाच्या दिवसांत घरी जायचे, एरवी आमच्याकडेच असायचे. रक्ताचं नातं काही नाही. पण शाळेत असताना मी तापानं फणफणले होते, तेव्हा मला पाठुंगळी घेऊन दवाखान्यात नेलं होतं ते त्यांनी. बाबा गेल्यावर दादा कुठल्याही कामाला हात घालण्याआधी त्यांच्याकडे बघायचा. ते मान हलवायचे, मग काम सुरू.

आणि मग ती गाडी आली.

वेल्ह्याच्या बाजूला फार्महाऊस बांधलेले एक साहेब होते. त्यांची जुनी पेट्रोल गाडी, चार सिलिंडरची. शर्यतीत पळवायची म्हणून तिला टर्बो बसवायचा होता. एक नाही — दोन. पुण्यातल्या लोकांनी त्यांना सांगितलं होतं, चार सिलिंडरला एकच पुरे, दोन कशाला? पण साहेबांच्या डोक्यात दोनच होते. एक मोठा टर्बो उशिरा जागा होतो, दोन लहान लवकर जागे होतात, असं त्यांचं म्हणणं. दादाला कुणी होत नाही म्हटलेलं काम दिसलं की राहवायचं नाही. त्यानं गाडी घेतली.

ज्यांना ह्यातलं काही ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. इंजिनातून जो तापलेला धूर बाहेर पडतो तो टर्बोतलं एक चाक फिरवतो. त्याच दांड्यावर दुसऱ्या टोकाला आणखी एक चाक असतं, ते बाहेरची हवा इंजिनात कोंबतं. जास्त हवा, जास्त ताकद. तो दांडा इतका जोरात फिरतो की त्याला सतत ऑइल लागतं. बारीक नळीतून ऑइल येतं. आणि टर्बोचं अंग तर तापून लाल होतं. म्हणजे लाल तापलेलं लोखंड, आणि त्याच्या शेजारून जाणारी ऑइलची नळी. एवढं समजलं की पुढचं सगळं समजेल.

धूर इंजिनातून टर्बोपर्यंत नेणारे नळ बाजारात तयार मिळण्यातले नव्हते. दोन टर्बोंसाठी कोण बनवणार? मी बनवले. बाहेरच्या दोन सिलिंडरचा धूर पुढच्या टर्बोला, आतल्या दोघांचा मागच्या. स्टीलच्या नळांचे तुकडे कापायचे, इंजिनाजवळ धरून बघायचे, बसले नाहीत की पुन्हा कापायचे. जागा तर कुठे होती? मागचा टर्बो इंजिन आणि पत्रा यांच्या मधल्या फटीत. तिथे दादाचा हात जायचा नाही, काकांचा जायचा नाही, फक्त माझा जायचा. पावसाळाभर मी त्या नळांवर होते. आतून टाका फुटू नये म्हणून नळात गॅस भरून वेल्डिंग करायचं, गार होऊ द्यायचं, मग पुढचा टाका. ते नळ पुरे होऊन बाकावर ठेवले त्या दिवशी दादा त्यांच्याभोवती फिरला, टाक्यांवरून बोट फिरवलं आणि म्हणाला, "मने, पहिल्या फेरीला शेजारी तूच बसायचंस. घाटापातूर जाऊ. आन साहेबाला मी सांगणार, हे कुणी केलंय ते."

मी मागितलं नव्हतं. तो आपणहून म्हणाला. म्हणूनच ते इतकं लागलं का? माहीत नाही.

गाडी पहिल्यांदा सुरू झाली तेव्हा भात कापणीला आलं होतं. इंजिन घरघरलं, धूर आला, गेला, आणि मग त्या दोन टर्बोंची एकात एक मिसळलेली बारीक शीळ सुरू झाली. काका हसले. काका क्वचितच हसायचे.

मागच्या टर्बोला ऑइलसाठी स्टीलच्या जाळीची नळी लागत होती, ती तोवर आलेली नव्हती. म्हणून गाडी जागच्या जागी सुरू करून बघण्यापुरती काकांनी रबरी नळी लावली होती, टर्बो त्या फटीत बसवायच्या आधी, बाहेरच; दादाच्या ती नजरेला पडली नव्हती. जाळीची नळी आली ती नेमकी काका गावी निघाले त्या दिवशी. कापणी थांबणार नव्हती आणि हिर्डोशीची एसटी चुकली तर दुसरी नव्हती. त्यांनी पिशवी खांद्याला लावली, नळी माझ्या हातात दिली.

"गाडी रस्त्याला लागायच्या आदी ही बदल. रबराची ऱ्हाऊ देऊ नगंस, वितळंल ती. तितं तुजाच हात जातो."

"व्हय काका, करते."

"इसरू नगंस."

"न्हाई इसरत."

मी ती बाकाच्या खणात ठेवली. त्या वेळी गॅरेजात आम्ही दोघंच होतो. दादा भोरला गेला होता. म्हणजे ते बोलणं ऐकलं फक्त आम्ही दोघांनी.

दुसऱ्या दिवशी साहेब आले. बरोबर त्यांचे दोन मित्र, मोबाईलवर गाडीचं शूटिंग करत. मी घरात गेले होते चहा आणायला. कुणी सांगितलं नव्हतं — पाहुणे आले की जायचे, तशी गेले. कपडे कामाचेच होते, हातांना काळं होतं. ट्रे घेऊन परत आले तेव्हा बॉनेट उघडं होतं आणि साहेब माझ्या नळांवर वाकले होते.

"वेल्डिंग कुणी केलं हे? कमाल आहे."

दादानं मला पाहिलं. ते मी शपथेवर सांगेन — पाहिलं. मी चार पावलांवर होते. आणि तो म्हणाला, "पुण्यात करून घेतलं साहेब. आपला एक माणूस हाय तिकडं. एक नंबर."

"वाटलंच मला," साहेब म्हणाले.

मी चहा दिला. काय करणार होते दुसरं? एकानं कप घेताना मला ताई म्हटलं, थँक्यू म्हटलं. दादा मोबाईलसमोर उभा राहून सांगत होता की इंजिनाचं सगळं काम त्यानं एकट्यानं केलं, नळ तेवढे पुण्याचे. मग ठरलं की उद्या सकाळी पहिली फेरी. दादा चालवणार, साहेब शेजारी बसणार. वरंधा घाटाच्या तोंडापर्यंत, वाटेत हिर्डोशीला थांबून काकांनाही दाखवायची.

माणसं गेल्यावर दादा माझ्याजवळ आला. म्हणाला, "समजून घे मने. पोरीनं केलंय म्हटलं असतं तर गाडीत बसला नसता तो."

मी म्हटलं, "बरं."

एवढंच म्हटलं. भांडले असते तर? ओरडले असते, रडले असते, तर कदाचित ते सगळं तिथेच निघून गेलं असतं. पण मी बरं म्हटलं आणि आतून थंड झाले. परक्या कुणी केलं असतं तर ऐकून घेतलं असतं. ज्यानं बोट दाखवून लोकांना सांगायचं, त्यानंच बोट मुडपलं. बाबा असते तर? हा विचारही मी केला. बाबांना मध्ये घेतलं की आपलंच बरोबर वाटतं.

मग मी खण उघडला.

आता इथे अडते आहे. इथपर्यंत सगळं भराभर आलं, नाही का?

नळी हातात घेतली. वेटोळं करून ठेवलेली, चकचकीत. बदलायला फार वेळ लागला नसता. हात मागे घालायचा, दोन नट. मी गाडीपर्यंत गेले. बॉनेटला हात लावला. आणि मनात म्हटलं — सगळं त्यानं केलंय ना? एकट्यानं? मग हेही त्यालाच कळू दे.

विसरले नव्हते मी. हे वाक्य मला इतकी वर्षं कुठेच लिहिता आलं नाही, बोलता आलं नाही. विसरले नव्हते. आग लागेल असं वाटलं होतं का? नाही — पण ते खरं असलं तरी अर्धवट आहे. नळी वितळली तर ऑइल कशावर उडणार, हे मला माहीत होतं. त्या टर्बोच्या आजूबाजूची बोटभर जागाही माझ्याइतकी कुणाला ठाऊक नव्हती. मला हवं होतं की गाडी बंद पडावी, धूर व्हावा, साहेबासमोर दादाची मान खाली जावी. त्याच्या पुढचं मी मनात येऊ दिलं नाही. येऊ दिलं नाही म्हणजे ते नव्हतं, असं थोडंच आहे?

नळी परत खणात ठेवली आणि घरात जाऊन भाकऱ्या केल्या. दादा जेवायला शेजारीच बसला होता. उद्या सकाळी लवकर उठव म्हणाला. मी उठवलं.

फोन आला तो काकांच्या पुतण्याचा. धरणाचं पाणी मागे टाकून चढ लागतो, तिथे दादानं गाडी जोरात दामटली आणि बॉनेटखालून धूर यायला लागला. हिर्डोशी थोडी पुढे राहिली होती. साहेब वेळेत उतरले, त्यांना काही झालं नाही. दादा उतरून पुढे गेला आणि त्यानं बॉनेट उघडलं. आतली आग हवा मिळताच उसळून वर आली. दोन्ही हात, हनुवटी, गळ्याची एक बाजू.

कापणीची माणसं शेतातून धावली. त्यांत काका होते. त्यांनीच दादाला मागे ओढलं, डोक्याचं मुंडासं भिजवून त्याच्या हातांवर टाकलं, माती लोटून आग विझवली, एका टेम्पोत घालून भोरला आणलं. मी दवाखान्यात पोचले तेव्हा ते दारातच बसले होते. भाताचं कुसळ अजून सदऱ्याला चिकटलेलं. माझ्याकडे बघितलं. त्यांनी गाडी विझवली होती, बॉनेटच्या आत पाहिलं होतं. त्यांना माहीत होतं.

मी त्यांच्या शेजारून आत गेले.

दादाला पुढे पुण्याला हलवलं, बरेच दिवस ठेवलं. घरी आला तेव्हा हात कापडात गुंडाळलेले होते, आई घास भरवायची. काका भेटायला आले ते तेव्हाच. गॅरेजात, गाडीच्या सांगाड्याजवळ आम्ही सगळे उभे होतो — दादा, आई, मी, काका. मागच्या टर्बोवर जळालेल्या रबराचा काळा थर बसलेला. दादानं तो बघितला.

"रबरी नळी? हितं रबरी नळी कुणी लावली?"

दादानं माझ्याकडे पाहिलं.

मी म्हटलं, "सोपानकाकांनी."

खोटं कुठे होतं त्यात? लावली होती त्यांनीच. एक शब्द खोटा नव्हता. खोटं बोलणं किती सोपं असतं — खऱ्याचा एक तुकडा उचलायचा आणि बाकीचं खणात ठेवायचं.

काका दादाकडे वळले. "म्या पोरीला—" एवढं म्हणाले आणि थांबले.

माझ्याकडे बघत होते. मला पुष्कळ दिवस वाटायचं, ते मला वाचवायला थांबले. तसं वाटून घेतलं की मोठं बरं वाटायचं. आता तसं वाटत नाही. ते वाट बघत होते. पुढचं वाक्य माझं होतं, आणि ते मी बोलेन असं त्यांनी धरलं होतं. त्यांना दुसरं काही सुचलंच नसणार. ज्या पोरीला पाठीवर घेऊन चालले ती पोर बोलणार नाही, हे कसं सुचणार?

मी जमिनीकडे बघत राहिले.

दादा म्हणाला, "आग विझवलीत काका. पर लावलीत बी तुमीच. बाबांच्या माघारी आमी तुमच्याकडं बघून चालत हुतो."

आई म्हणाली, "घरचा माणूस म्हणून ठिवला तुमाला."

काका एकदाच म्हणाले, "बरं." माझ्यासारखंच. खुंटीवरची पिशवी काढली आणि हायवेकडे चालायला लागले. जाताना माझ्या इतक्या जवळून गेले की हाक मारायला आवाजही लागला नसता.

पुढचं सगळं माझ्या भल्याचं झालं. हे सांगितलंच पाहिजे. दादाची बोटं पुरती वळत नाहीत, पाना धरता येत नाही. साहेबांनी जळकी गाडी नेली, पुन्हा आले नाहीत. काम माझ्याकडे आलं. एके दिवशी दादानं मला बसवलं आणि रडत माफी मागितली — पुण्यात करून घेतलं म्हटल्याबद्दल. म्हणाला, त्या दिवसापासून मनाला लागून राहिलंय. देवानं त्याचीच शिक्षा दिली. आणि मी काय केलं? मी त्याला माफ केलं. त्याच्या पाठीवर हात ठेवून, मोठ्या मनानं. म्हटलं, "जाऊ दे दादा, झालं ते झालं." मोठ्या मनाची बहीण. आजही तो येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतो — हिच्या हातचं काम बघा, माझा विश्वास आहे तो हिच्या एकटीच्या हातावर.

काकांना भोरच्या एका गॅरेजात काम मिळालं नाही. दुसऱ्यात ठेवलं, पण गाड्या धुवायला. ज्याच्या कामानं माणूस भाजला त्याच्या हाती इंजिन कोण देणार? ही गोष्ट तालुकाभर फिरली, आणि ती आम्हीच फिरवली. दादानं रागानं. मी गप्प बसून. पुढे ते गावीच राहिले असं ऐकलं.

गेल्या हिवाळ्यात नवऱ्याबरोबर महाडकडे निघाले होते, कारनं. नवरा माझा सासवडकडचा. त्याला तालुकाभर फिरलेली ती गोष्ट माहीत आहे, माणूस माहीत नाही. हिर्डोशीच्या अलीकडे रस्त्याच्या कडेनं एक म्हातारा चालत होता, डोक्यावर पोतं. नवरा मनानं चांगला आहे, त्यानं गाडी थांबवली आणि माझ्या बाजूची काच खाली केली. वाकून म्हणाला, "बसा बाबा, सोडतो पुढं."

काकांनी आत बघितलं. त्याच्याकडे, मग माझ्याकडे. खूप वाळले होते. मला ओळखलं का? लगेच ओळखलं.

"न्हाई," ते म्हणाले. "येस्टी येती आता."

त्या वेळेला तिकडे एसटी नसते. ते त्यांना माहीत होतं, मला माहीत होतं. त्यांनी पोतं नीट केलं आणि चालायला लागले. नवऱ्यानं गाडी पुढे काढली. थोडं गेल्यावर म्हणाला, "तुझ्याकडं असं बघत का होते? ओळखीचे आहेत का कुणी?"

मी म्हटलं, "नाही."